सोसायटी नको तिथे कडक, हवी तिथे मऊ

फ्लॅट बघायला गेलं की ब्रोकर बाल्कनीतला व्ह्यू दाखवतो, मॉड्युलर किचन दाखवतो, स्टेशन चालत दहा मिनिटं म्हणतो (ब्रोकरची दहा मिनिटं म्हणजे काय ते ठाण्या-डोंबिवलीकरांना सांगायला नको), पण ज्या सोसायटीबरोबर पुढची वीस-पंचवीस वर्षं काढायची ती कशी आहे हे कोणी विचारत नाही. फारतर "मेंटेनन्स किती?" एवढा एकच प्रश्न. थकबाकी किती आहे, सिंकिंग फंडात (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीत) पैसे आहेत का, कन्व्हेयन्स झालंय का म्हणजे जमीन बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर आलीय का, मागच्या पाच वर्षात स्ट्रक्चरल ऑडिट झालं का, यातलं काहीही न विचारता माणूस आयुष्यभराची कमाई आणि वर वीस वर्षांचं होम लोन त्या बिल्डिंगमध्ये ओततो आणि मग राहायला गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळतं की आपण नक्की कुठे येऊन पडलोय.

गंमत म्हणजे कागदावर बघितलं तर जमीन आणि बिल्डिंग सोसायटीची (कन्व्हेयन्स झालं असेल तर), आपल्याकडे असतात शेअर्स आणि त्या शेअर्सबरोबर येणारा आपल्या फ्लॅटचा हक्क. जुनं शेअर सर्टिफिकेट काढून बघा, बहुतेकांचे ५० रुपयांचे ५ शेअर्स, म्हणजे अडीचशे रुपये. नवीन सोसायटी असेल तर १० शेअर्स, पाचशे रुपये. कोटीभराच्या घराचा हा कागद आणि तो आपण बँकेच्या फाईलमध्ये असा ठेवतो की परत बघतच नाही. तर मुद्दा असा की सोसायटीला अधिकार आहेत, कायद्याने आहेत, १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आहे, २०१९ ला त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरणच घातलंय, वर आदर्श उपविधी म्हणजे बायलॉज आहेत. माझी तक्रार सोसायटीला अधिकार आहेत ही नाहीच. माझी तक्रार ही की कायद्याने जिथे अधिकार दिलाय तिथे आपल्या कमिट्या शेपूट घालतात आणि जिथे काडीचा अधिकार नाही तिथे पाटीलकी करतात.

आधी चांगलं सांगतो, कारण हल्ली सोसायटीला शिव्या घालायची फॅशन आहे आणि त्यातल्या निम्म्या शिव्या मेंटेनन्स भरायचा कंटाळा असलेल्या लोकांच्या असतात. पंप रात्री बंद पडला, टाकीत पाणी नाही, सकाळी साडेपाचला शाळेच्या डब्याची तयारी, अशा वेळी कोणीतरी एक माणूस इलेक्ट्रिशियनला झोपेतून उठवतो. तो माणूस म्हणजे सेक्रेटरी, त्याला याचा पगार नाही. स्वतःचं बंगल्याचं घर असलेल्या वयस्कर माणसांना विचारा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, गटार तुंबलं, गेटसमोर कोणीतरी गाडी लावून गेलं, सगळं एकट्याने निस्तरायचं. मुलं पुण्याला नाहीतर अमेरिकेत. त्या मानाने फ्लॅटमधली आजी लिफ्ट बंद पडली तर एक फोन करते आणि वॉचमन धावत येतो, हा फायदा पैशात मोजता येत नाही.

आणि खर्च वाटून घेण्याची जी पद्धत आहे ना, ती मला तरी फार आवडते. बायलॉजप्रमाणे सर्व्हिस चार्जेस सगळ्यांना सारखे, वन बीएचके असो की थ्री बीएचके. वॉचमन, सफाई, जिन्यातले लाईट, ऑफिसचा खर्च, सगळं सम-समान. पाण्याचे पैसे नळांच्या संख्येवर, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर, दुरुस्तीला वर्षाला कमीत कमी ०.७५ टक्के आणि सिंकिंगला ०.२५ टक्के. लिफ्टचा खर्च लिफ्ट वापरा न वापरा सगळ्यांना सारखा. तळमजल्यावरचे लोक यावर दरवर्षी भांडतात, "आम्ही लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही" वगैरे, आणि त्यांचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं पण मग सातव्या मजल्यावरच्याने म्हणावं की तळमजल्यावरच्या ड्रेनेजच्या चोकअपचे पैसे मी का देऊ, आणि गच्ची गळते ती फक्त वरच्यांवर, मग बाकीच्यांनी का द्यायचे. असं सुटं सुटं करत गेलं तर बिल्डिंग उभीच राहणार नाही. बायलॉजने हा वाद आधीच मिटवून टाकलाय, गच्चीची गळती, बाहेरच्या भिंती, कॉमन पाइपलाइन हे सोसायटीच्या खर्चाने, तुमच्या संडास-बाथरूम-सिंकमधून खाली गळत असेल तर तुमच्या खर्चाने. एवढं स्वच्छ लिहिलेलं असताना सुद्धा वरच्या-खालच्यांची गळतीवरून पाच-पाच वर्षं बोलणी बंद असतात ते का, तर कमिटी मध्ये पडत नाही. "तुमचा आपसातला मामला आहे, तुम्हीच बघा." अहो, खालच्याच्या स्लॅबचं पोपडं पडून सळई दिसायला लागली, ती सळई आपसातली कशी? ती बिल्डिंगची आहे!

घाटकोपरला जुलै २०१७ मध्ये सिद्धिसाई नावाची बिल्डिंग पडली, १७ माणसं गेली. तळमजल्यावरच्या जागेत रिनोव्हेशन चालू होतं, आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला, जागेच्या मालकाला अटक झाली. ही बातमी वाचल्यावर आमच्याकडे आठवडाभर सगळे आपापल्या घरातले पिलर मोजत होते, नंतर विसरले. नियम काय सांगतो, तर १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांच्या वरच्या बिल्डिंगचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट. तुमच्या सोसायटीत शेवटचं कधी झालं विचारून बघा. घराच्या आत टाइल कुठली लावायची, ओटा कुठे घ्यायचा हा माझा प्रश्न, पण भिंत पाडायची म्हटली की तो वरच्या सहा मजल्यांचा प्रश्न झाला, तिथे कमिटीने दार वाजवून "प्लॅन दाखवा, इंजिनियरचं पत्र दाखवा, नाहीतर काम थांबवा" म्हणायलाच पाहिजे. म्हणजे उंबरठ्याच्या आत सोसायटीने यायचंच नाही असंही मी म्हणत नाहीये, माझ्या घरातल्या गोष्टीचा भार दुसऱ्याच्या घरावर पडत असेल तर खुशाल या.

पण होतं काय बघा. गेल्या एजीएमचं, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेचं सांगतो. नोटीस नेहमीचीच, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहा वाजता (३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते म्हणून), खाली नेहमीचं वाक्य, कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्यास कोरमची आवश्यकता राहणार नाही. म्हणजे सगळ्यांना माहितीये की दहाला कोणी येणार नाही, साडेदहाला यायचं, तेव्हा जेवढे असतील तेवढे. स्टिल्टमध्ये गाड्या बाहेर काढून प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वेफर्स आणि समोसा, समोसा संपला की निम्मे वर. अजेंड्यावर थकबाकीचा विषय होता, दोन मेंबर मिळून लाखांत पैसे थकलेत, त्यातले एक तर पहिल्या रांगेत बसलेले. कोणीतरी विचारलं, "थकबाकीचं काय झालं?" खजिनदार म्हणाले, "बोलणं चालू आहे त्यांच्याशी." संपला विषय. त्यानंतर पाऊण तास कशावर चर्चा, तर पाचव्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या चार मुलांचे मित्र रात्री उशिरा येतात आणि त्यांचे बूट पॅसेजमध्ये असतात. ती मुलं तिथे नव्हतीच, भाडेकरूंना एजीएमला बोलवत नाहीत. एका काकूंनी विचारलं की पॅसेजमधले बूट तर आपल्या सगळ्यांचेच असतात ना, शू-रॅकसकट, तर एकदम शांतता, आणि मग ठराव झाला की यापुढे बॅचलर्सना फ्लॅट द्यायचा नाही. एकमताने मंजूर, समोसा टीमसह.

आता हा ठराव कुठल्या कायद्यात बसतो? कुठल्याच नाही. बायलॉजमध्ये भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागते असं नाहीये, आठ दिवस आधी कळवायचं, लीव्ह अँड लायसन्स अ‍ॅग्रीमेंटची कॉपी आणि पोलिसात दिलेल्या माहितीची कॉपी द्यायची, एवढंच. एनओसी वगैरे प्रकार आपणच काढलेला. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही, फ्लॅट भाड्याने दिलाय म्हणून त्याच्याकडून घेतात तो) लावता येतो पण तो सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, १ ऑगस्ट २००१ चा सरकारी आदेश आहे, त्याच्याआधी सोसायट्या मनाला येईल तो आकडा लावायच्या, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि २००७ मध्ये कोर्टाने ती मर्यादा कायम ठेवली. फ्लॅट विकताना सोसायटी घेते तो ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार, तोही त्याच महिन्यातला आदेश, तरी "स्वेच्छा देणगी" म्हणून किती ठिकाणी किती घेतात ते घर विकलेल्या कुणालाही विचारा, आणि ती स्वेच्छा किती स्वेच्छेची असते तेही विचारा.

उलट थकबाकीच्या बाबतीत कायदा सोसायटीच्या बाजूने धडधडीत उभा आहे. बायलॉजप्रमाणे थकलेल्या पैशावर २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं, उपनिबंधकांकडे अर्ज करून वसुली दाखला घेता येतो, तो मिळाला की जप्तीपर्यंत जाता येतं. पूर्वीपासून लोक याला "१०१ ची केस" म्हणतात, आता गृहनिर्माण संस्थांसाठी कलम बदललंय पण बोलताना १०१ च म्हणतात. एवढं हत्यार हातात असून कमिटी वापरत नाही आणि मग पैसे नाहीत म्हणून पेंटिंग नाही, लिफ्टचं एएमसी म्हणजे देखभालीचं वार्षिक कंत्राट लांबलं, वॉचमन एकच. तीच गत कन्व्हेयन्सची. मोफा म्हणजे फ्लॅटविक्रीच्या जुन्या कायद्याच्या नियमाप्रमाणे सोसायटी रजिस्टर झाल्यापासून चार महिन्यात बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायची, तो देत नाही, म्हणून २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स आणलं, बिल्डर आला नाही तरी होतं. तरी वर्षानुवर्षं हा विषय "पुढच्या सभेत घेऊ". पुढे रिडेव्हलपमेंटची वेळ आली की मग सात-बारा आणि प्रॉपर्टी कार्ड शोधत धावाधाव.

असं का होतं, याचं माझं उत्तर सरळ आहे. थकबाकीदार रोज लिफ्टमध्ये भेटतो. त्याच्या मुलीच्या लग्नाला जायचंय, त्याची बायको आणि आपली बायको भिशीत आहेत, शिवाय त्याला मत आहे आणि पुढच्या निवडणुकीत तो पॅनल उभं करू शकतो. भाडेकरूला मत नाही, त्याचं कोणी ओळखीचं नाही, अकरा महिन्यांनी जाणार. ज्याच्यावर कडक होऊन काहीच किंमत मोजावी लागत नाही त्याच्यावर आपण कडक होतो आणि त्याला शिस्त म्हणतो. कामवाल्या बायकांचं तेच. कितीतरी टॉवरमध्ये बोर्ड असतो, घरकाम करणाऱ्या व डिलिव्हरीवाल्यांनी सर्व्हिस लिफ्टच वापरावी. जिच्याकडे आपल्या घराची चावी असते, जी आपल्या पोराला भरवते, ती आपल्याबरोबर त्याच लिफ्टमधून वर आली तर नक्की काय बिघडतं हे मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. सामानाची ट्रॉली असेल तर वेगळी लिफ्ट, एवढं समजू शकतो.

हे सगळं आजचंच आहे असंही नाही. आपल्याकडची, म्हणजे आशियातलीच पहिली मानली जाते ती सहकारी गृहनिर्माण संस्था मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत समाजाने काढली, रावबहादूर तालमकी त्याच्या मागे होते. चांगलं काम होतं, पगारदार मध्यमवर्गाला मुंबईत जागा परवडत नव्हती तेव्हा लोकांनी एकत्र येऊन घरं बांधली. पण ती एकत्र आली ती आपली माणसं म्हणून. एकमेकांवर भरवसा होता तो जातीच्या ओळखीतून आलेला होता आणि त्या काळात दुसरा भरवसा होता कुठे. पुढे २००५ साली अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेही म्हटलं की सभासदत्व फक्त पारशांना देणारा बायलॉज चालू शकतो. मला तो निकाल पटत नाही पण तो आहे. मात्र तो बायलॉजमध्ये लिहिलेल्या अटीबद्दल होता. आज होतं ते असं की बायलॉज सरकारी नमुन्याचे, सगळ्यांना खुले, आणि सांगायचं तोंडी, "आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही," "त्या लोकांना देत नाही." २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, दोन दिवस सगळे पेटून उठले आणि उठायलाच पाहिजे होतं. पण त्याच पेटून उठलेल्यांपैकी किती जणांच्या स्वतःच्या बिल्डिंगमध्ये मुसलमान कुटुंबाला फ्लॅट मिळतो? ब्रोकरला फोनवर आडनाव सांगितल्यावर "बघतो आणि कळवतो" ऐकणारे लोक मराठीही असतात आणि आपल्याच सोसायटीच्या गेटवरूनही परत जातात. मासे तळल्याचा वास हा थकबाकीपेक्षा मोठा विषय होऊ शकतो हे फक्त आपल्याकडेच शक्य आहे.

तसं "फक्त आपल्याकडेच" म्हणू नये. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांकडून एचओएच्या, म्हणजे तिथल्या घरमालकांच्या सोसायट्यांच्या कथा ऐका, लॉनचं गवत किती इंच, दाराचा रंग कुठला, कचऱ्याचा डबा किती वाजेपर्यंत बाहेर. तिथे थकबाकीच्या बाबतीत मात्र ते आपल्या बरोब्बर उलट. टेक्सासमध्ये एक आर्मी ऑफिसर इराकला ड्युटीवर असताना साधारण ८०० डॉलरच्या थकबाकीसाठी त्याचं तीन लाख डॉलरचं घर एचओएने २००८ मध्ये लिलावात काढलं, पुढे कोर्टकचेरी होऊन ते त्याला परत मिळालं. इतकं कडक कोणालाच नको. पण अधिकार कोणाविरुद्ध, किती वापरायचा याला काही हिशेब नसला की इथे एक टोक आणि तिथे दुसरं.

लोक म्हणतात मग सरकारने लक्ष घालावं, प्रशासक नेमावा. प्रशासक आलेल्या सोसायटीत राहिलेल्या एकाही माणसाने मला त्याची स्तुती ऐकवलेली नाही. मोठ्या टॉवरवाल्यांनी मॅनेजर ठेवलेत, एजन्सी ठेवल्यात, गेटवर अ‍ॅप आहे, पाहुणा आला की मोबाईलवर अप्रूव्ह करा. पैसे असतील तर करावं, फक्त महिन्याचं बिल मेंबरमागे साडेसात हजाराच्या वर गेलं आणि सोसायटीची उलाढाल २० लाखाच्या वर असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो हेही लक्षात ठेवा. आणि मॅनेजर वसुलीची नोटीस टाइप करून देईल, तिच्यावर सही कमिटीलाच करायची आहे.

सगळ्यात धोक्याचा भाग रिडेव्हलपमेंटचा. २०१९ च्या सरकारी निर्देशांनंतर ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, म्हणजे निम्म्याहून एक जास्त माणूस हो म्हणाला की तुमची बिल्डिंग पाडली जाऊ शकते. मी याच्या विरोधात नाही, एका अडून बसलेल्या माणसामुळे शंभर कुटुंबं गळक्या स्लॅबखाली राहिलेली बघितलीत. पण ज्या सभेत समोसा संपला की लोक वर जातात, मिनिट्स कोणी वाचत नाही, ऑडिट रिपोर्ट मागितला तर "तुमचा आमच्यावर विश्वास नाही का" असं ऐकायला मिळतं, त्याच सभेने उद्या बिल्डर निवडायचा आहे, नवीन घराचा कार्पेट एरिया किती, बिल्डरकडून मिळणारी कॉर्पसची रक्कम किती, काम चालू असताना भाडं किती हे ठरवायचं आहे. शू-रॅकवर पाऊण तास घालवायची सवय लागलेली सभा त्या दिवशी अचानक शहाणी होईल असं मानायला काही कारण नाही.

म्हणून मला वाटतं सुरुवात छोट्या आणि कटकटीच्या गोष्टींपासून व्हावी. एजीएममध्ये थकबाकी आणि दुरुस्ती हे विषय आधी, नियमावली आणि तक्रारी शेवटी, समोसा सगळ्यात शेवटी. तीन महिन्यांच्या वर थकलं की नोटीस आपोआप जाईल असा एकदाच ठराव करायचा, मग सेक्रेटरीला प्रत्येक वेळी वाईट व्हावं लागत नाही, ठराव वाईट होतो. सेक्रेटरी-खजिनदारांना मानधन द्या, बायलॉजमध्ये त्याची सोय आहे, फुकट राबणाऱ्या माणसाला जाब विचारता येत नाही हे आपलं खरं दुखणं आहे. कुठलाही नवीन नियम करताना त्याचा बायलॉज नंबर मिनिट्समध्ये लिहायचा, नंबर सापडला नाही तर तो नियम नाही, बॅचलरचा ठराव तिथेच पडला असता. आणि भाडेकरूंना सभेला बसू द्या, मत नको, बोलू तरी द्या.

हे शेवटचं मी ग्रुपवर लिहिलं तर लगेच उत्तर आलं, "आज आहे उद्या नाही अशा माणसाला सभेत कशाला घ्यायचं?" तर आमच्याच बिल्डिंगमध्ये एक फ्लॅट आहे ज्याचे मालक कॅनडात आहेत, ते एकाही सभेला आलेले मला आठवत नाहीत, आणि त्यांच्या घरात राहणारं कुटुंब मुलगी बालवाडीत असल्यापासून आहे, ती आता आठवीत गेली. गणपतीची वर्गणी ते देतात, पाणी कधी गेलं हे त्यांना सेक्रेटरीच्या आधी कळतं, आणि मालकाच्या बिलात लागणारा तो १० टक्के नॉन-ऑक्युपन्सी चार्जसुद्धा शेवटी भाड्यात धरून त्यांच्याच खिशातून जातो.